मदत हवी आहे: डावखुऱ्यासाठी एआर-१५ चं अप्पर कोणतं घ्यावं?

नमस्कार मंडळी,

मी टेक्सासमध्ये राहतो. दोन वर्षं रविवारी रेंजवर मित्राच्या एआर-१५ ने १०० यार्डांवरच्या कागदी निशाणांवर नेम धरतोय. आता स्वतःची रायफल जुळवायला घेतली आहे. लोअर, म्हणजे ट्रिगरवाला खालचा भाग, घेऊन झालं; घोडं अडलंय अप्पर रिसीव्हरपाशी, म्हणजे नळी आणि बोल्ट ज्यात बसतात त्या वरच्या भागापाशी. मी डावखुरा आहे, हे सगळ्यात महत्त्वाचं.

मित्राचं अप्पर जुन्या धाटणीचं आहे. उजवी बाजू एकदम सपाट, फॉरवर्ड असिस्टचं (बोल्ट हाताने पुढे ढकलून काडतूस पूर्ण बसवायचं) बटण नाही आणि डिफ्लेक्टरही (उडालेली पुंगळी चेहऱ्यापासून दूर वळवणारा उंचवटा) नाही. दिसायला फार देखणं. पण दस्ता डाव्या खांद्याला लावला की पुंगळ्या उडतात त्याच बाजूला माझा चेहरा येतो. गेल्या महिन्यात एक तापलेली पुंगळी चष्म्याच्या काडीवर आपटून थेट कॉलरमध्ये शिरली. नळी निशाणाकडेच ठेवून, सेफ्टी लावून रायफल खाली ठेवेपर्यंत ती आत चटके देत होती. गळ्याखाली अजून डाग आहे.

तेव्हापासून मी अप्परवरची प्रत्येक गोष्ट कशासाठी आहे ते बघायला लागलो. ही रायफल ज्याने घडवली त्या युजीन स्टोनरच्या मूळ आराखड्यात फॉरवर्ड असिस्ट नव्हतंच. अमेरिकी हवाई दलालाही त्याची गरज वाटली नाही. लष्कराने मात्र आग्रह धरला आणि त्यांच्या एक्सएम१६ई१ या आवृत्तीवर ते बटण आलं. डिफ्लेक्टर आला तो नंतरच्या एम१६ए२ या आवृत्तीवर, जी मरीन कोअरने १९८३ मध्ये स्वीकारली. पुंगळी बाहेर पडते त्या खिडकीच्या मागे बोटाच्या पेराएवढा उंचवटा, पण माझ्यासारख्यांचा चेहरा वाचवतो. तो मला हवाच. डस्ट कव्हरही, म्हणजे त्या खिडकीचं झाकण, हवं. इथे धूळ फार, आणि बोल्ट हलला की ते आपोआप उघडतं, त्यामुळे त्याची अडचण काहीच नाही.

प्रश्न आहे फॉरवर्ड असिस्टचा. काडतूस नीट बसलं नाही तर ते आत दामटण्यापेक्षा बोल्ट मागे घेणारं हँडल ओढून बाहेर काढावं आणि काय झालंय ते बघावं, असं माझं मत आहे. पण रानडुकरांच्या शिकारीला जाणारे एक काका म्हणतात, पहाटे आवाज न करता हँडल हळू सोडलं की बोल्ट पूर्ण बसत नाही, तेव्हा बटण लागतंच. मी शिकार करत नाही. मग नुसत्या रेंजसाठी ते घ्यावं का? डिफ्लेक्टर आहे आणि असिस्ट नाही अशी अप्परही मिळतात, कोणी वापरलंय का?

शिवाय डावीकडून पुंगळी टाकणारं अप्पर आहेच. पण त्याला बोल्ट आणि कॅरिअर (बोल्टला मागेपुढे नेणारा भाग) वेगळे लागतात, म्हणजे उद्या काही मोडलं तर मित्राकडचा सुटा भाग चालणार नाही. एवढा खटाटोप करावा का? डावखुऱ्यांनी स्वतःचा अनुभव जरूर लिहा. दुकानदाराने डिफ्लेक्टरवालं एक अप्पर शनिवारपर्यंत माझ्यासाठी बाजूला काढून ठेवलंय.