चर्चा: रोषणाई आणि केकपलीकडे ख्रिस्ती माणसाचा नाताळ कशात आहे?

नवापूरकर (धागाकर्ता):
दिवाळी आटोपली की नवापूर, नंदुरबार, साक्री भागातली कितीतरी आदिवासी कुटुंबे मुकादमाची उचल फेडण्यासाठी दक्षिण गुजरातेत ऊसतोडीला जातात, आणि नाताळ येतो तेव्हा आमच्या मंडळीतली अर्धी सतरंजी रिकामी असते. त्याच आठवड्यात आम्ही मात्र मंडप, रोषणाई आणि साउंड सिस्टीमच्या वर्गणीचा हिशेब मांडत बसतो. बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायात कैसराने नावनिशीचा हुकूम काढला म्हणून एका गरोदर बाईला परगावी जावे लागते, उतारशाळेत जागा मिळत नाही आणि बाळाला गव्हाणीत ठेवावे लागते. पुढे मंदिरात मरिया आणि योसेफ अर्पण करतात ती पाखरांची जोडी. ज्याला कोकरू परवडत नाही त्याच्यासाठी मोशेच्या नियमशास्त्राने ठेवलेली ही सवलत होती. 25 डिसेंबर ही तारीख शुभवर्तमानात नाही, तिचा सर्वांत जुना पुरावा रोममधल्या इ. स. 336 च्या नोंदीत सापडतो. सजवलेले झाड तर जर्मनीतून आले. हे सारे बाजूला ठेवले तरी नाताळ राहतो, पण देव घर नसलेल्यांमध्ये जन्मला हे विसरलो तर तो राहत नाही. म्हणून यंदाच्या वर्गणीतून उसाच्या फडाजवळच्या पडावावर जाऊन उपासना घ्यावी असे मी सुचवले, तेव्हा परंपरा मोडू नका असे मला सांगण्यात आले.

धुळ्याची शिक्षिका:
भाऊ, तुमची तळमळ पटते, पण परंपरेला तुम्ही उगाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले आहे. संत फ्रान्सिस यांनी 1223 मध्ये इटलीतल्या ग्रेच्चो गावी खरा बैल आणि गाढव आणून गव्हाणी मांडली, ती प्रभूच्या जन्मातले दारिद्र्य लोकांना डोळ्यांनी दिसावे म्हणूनच. माझ्या आजीला अक्षरओळख नव्हती. बेथलेहेमची सगळी कथा तिला आमच्या मावची बोलीतल्या गाण्यांतून पाठ होती आणि ढोलावर फेर धरताना ती आम्हाला कळत गेली. वर्षातून एकदा नवे कपडे घालणाऱ्या लेकराचा आनंद आपण दिखाऊ ठरवू नये. गरिबाचा सण साधा असावा हे बहुधा पोट भरलेल्यांनाच सुचते.

तापीकाठ, भुसावळ:
तुम्हा दोघांच्या लिहिण्यात मुख्य गोष्ट मागे पडली आहे. मत्तयाच्या पहिल्याच अध्यायात देवदूत योसेफाला सांगतो की हा बालक आपल्या लोकांना पापांपासून तारील. वधस्तंभाशी नाते तोडले तर नाताळ म्हणजे एका गरीब बाळाची हळवी गोष्ट उरते, आणि पडावावर घोंगड्या वाटण्याचे काम तर कोणतीही सेवाभावी संस्था करू शकते.

नवापूरकर:
तारणाबद्दल माझे दुमत नाही. परंतु ते वर्तमान आधी कोणाला कळले, तर रात्री रानात कळप राखणाऱ्या मेंढपाळांना. साक्रीकडचे ठेलारी मेंढ्या घेऊन महिनोन्महिने रानोमाळ कसे राहतात हे ज्याने पाहिले आहे, त्याला यातला अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. देवदूताने त्यांना यरुशलेमेच्या मंदिरात बोलावून निरोप दिला नाही, तो त्यांच्या कामाच्या जागी गेला. मीही घोंगड्या वाटण्याचे नव्हे, तेच वर्तमान घेऊन जाण्याचे म्हणतो आहे. आणि ताई, गाणी व ढोल सोबत नेऊच. माझा आक्षेप फक्त रोषणाईच्या खर्चाला आहे.

धुळ्याची शिक्षिका:
मग आधी पडावावरच्या लोकांना विचारा. हंगामात तोड सणासाठी थांबत नाही, ट्रक आला की रात्रीही मोळ्या वाहाव्या लागतात, त्यामुळे तारीख आणि वेळ त्यांनीच ठरवावी. 25 लाच जमले पाहिजे असा हट्ट आपण धरू नये. मात्र गावातल्या देवळावरचा (चर्चवरचा) नाताळचा तारा उतरवायला माझा विरोध कायम आहे, कारण प्रवास न झेपणारे म्हातारे आणि त्यांच्यापाशी ठेवलेली नातवंडे मागे गावातच असतात, आणि नाताळ त्यांचाही आहे.