गडचिरोलीत जगणं खरंच स्वस्त आहे का? (पाच जणांची टोपणनावांनी चर्चा)

खर्चवही

"गडचिरोलीत दहा हजारांत घर चालतं, पुण्यात तेवढं नुसतं खोलीभाडं जातं." बदली होऊन आलेले कर्मचारी हे म्हणतात, बाहेर बसलेले लोकही म्हणतात. आणि यावरून पुढचा निष्कर्ष निघतो की इथल्या माणसाला पैसा फारसा लागत नाही. मला हे पटत नाही. रोज लागणारं इथे स्वस्त आहे. वर्षा-दोन वर्षांतून लागणारं मात्र शहरापेक्षा महाग पडतं आणि घर बुडतं ते त्यातच.

घरकुलाचं उदाहरण घ्या. प्रधानमंत्री आवास योजनेत आपल्या जिल्ह्यात घरामागे 1 लाख 30 हजार मिळतात (साध्या भागात 1 लाख 20 हजार). शौचालयाचे 12 हजार वेगळे. रोजगार हमीतून 90-95 दिवसांची मजुरी, 2025-26 च्या 312 रुपये दराने साधारण 28 ते साडेएकोणतीस हजार. एकूण एक लाख सत्तरच्या आसपास. घर किमान 25 चौरस मीटरचं, म्हणजे 269 चौरस फूट.

आता माल धरा, खांब न घालता भिंतींवर स्लॅब घेतला तर: सिमेंट 100 पोती, सळई पाच-साडेपाच क्विंटल, विटा सात हजार. पोतं 370, सळई 62 रुपये किलो, वीट साडेसहा रुपये धरली तरी इथेच 1 लाख 16 हजार होतात. मिस्त्री आणि सेंट्रिंग 250 रुपये फुटाने धरा, 67 हजार. पायव्याचा दगड, गिट्टी, चौकटी, दारं आणि गाडीभाडं अजून यात नाही. अडीच लाखांच्या खाली काम उतरत नाही. लाभार्थ्याला 5 ब्रास रेती मोफत आहे, पण घाटावरून दारापर्यंत ट्रॅक्टर आणण्याचा खर्च त्याचाच, आणि घाट वेळेवर सुरू नसेल तर तीच रेती चोरट्या भावाने घ्यावी लागते. सिमेंट शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात तयार होतं, तरी दक्षिणेत आलापल्लीपुढे गेलं की प्रत्येक पोत्यावर भाडं चढतं.

सत्तर-ऐंशी हजारांची ही तूट कुठून भरायची? बचत गटाचं कर्ज, नाहीतर सावकार. म्हणून अर्ध्या गावात जोत्यापर्यंत येऊन थांबलेली घरं दिसतात. पुढचा हप्ता जोत्याचा फोटो चढवल्यावर मिळतो आणि जोतं आधी उधारीवर उभं करावं लागतं.

बांधीवरचा

घरकुलाचा हिशोब बरोबर आहे, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष मला मान्य नाही. तुम्ही फक्त नोटा मोजताय. आरमोरी, कुरखेडा, वडसा या पट्ट्यात दोन एकर बांधी (भातशेती) असलेल्या घराचं अन्न मोजून बघा.

पाच माणसांच्या घराला महिन्याला 60 ते 70 किलो तांदूळ लागतो, कारण आपल्याकडे दोन्ही वेळा भातच. प्राधान्य कुटुंबाच्या कार्डावर माणशी 5 किलो, म्हणजे 25 किलो मिळतात, अंत्योदय असेल तर कार्डामागे 35 किलो. जानेवारी 2023 पासून ते मोफत आहे. उरतात 35-45 किलो, वर्षाचे सव्वाचार ते साडेपाच क्विंटल. कोरडवाहू एकरात दहा-बारा क्विंटल धान होतं, भरडून साडेसहा-सात क्विंटल तांदूळ. म्हणजे एका एकरात वर्षाचं घर भागतं आणि दुसऱ्या एकराचं धान विकायला मोकळं. 2025-26 चा हमीभाव 2,369 रुपये. दहा क्विंटलचे तेवीस-चोवीस हजार.

त्यात बांधाच्या धुऱ्यावरची तूर, परसातली भाजी, बोडीतले (शेततळ्यातले) मासे, पावसाळ्यात सात्या (रानअळंबी) आणि वास्ते (बांबूचे कोंब), मार्च-एप्रिलमध्ये मोहफूल, मे महिन्यात तेंदूपान. नागपूरच्या झोपडपट्टीत पंधरा हजार कमावणारं कुटुंब भाडं, पाणी, भाजी, दूध असं सगळं विकत घेतं. त्याच्या ताटात काय असतं आणि इथल्या ताटात काय असतं ते बघा. दिवाळीनंतर होळीपर्यंत झाडीपट्टीची नाटकं रात्रभर रंगतात, मंडई (गावची जत्रा) भरते, पाहुणे आठ-आठ दिवस राहतात. जीवनमान म्हणताना हे कोणत्या रकान्यात धरायचं?

आणि घराला स्लॅबच हवा असा हट्ट का? कवेलूचं (कौलांचं) छप्पर घातलं तर सळई निम्म्यावर येते, सेंट्रिंग वाचतं आणि मे महिन्यात घर थंड राहतं. तुमच्या तुटीतला मोठा भाग स्लॅबच्या हौसेचा आहे.

खर्चवही

स्लॅब ही हौस नाही. कवेलूला दर उन्हाळ्यात फेरणी लागते, वानरं एका दुपारी शंभर कवेलू फोडतात, आणि ते घडवणारे कुंभार आता मोजक्या गावांत उरलेत. छपराच्या लाकडी फाट्यांना वाळवी लागते आणि नवं लाकूड रीतसर मिळवायचं तर कागदपत्रांत महिने जातात. मग लोक टिनाकडे वळतात. पंचेचाळीस अंशांत टिनाखाली लहान मूल झोपवून दाखवा.

दुसऱ्या एकराचं धान तुम्ही हमीभावाने विकलंत. विकता येतं का? आदिवासी विकास महामंडळाचं केंद्र उशिरा सुरू होतं, बारदाना संपतो, ओलावा 17 टक्क्यांच्या वर निघाला की गाडी परत. ज्याला चुरणा (मळणी) झाल्या झाल्या ट्रॅक्टरवाल्याचे पैसे द्यायचे आहेत तो थांबू शकत नाही. तो व्यापाऱ्याला चारशे-पाचशे रुपये कमीने देतो. आणि तुमच्या हिशोबात नांगरणी, खत, रोवण्याची (भातलावणीची) मजुरी कुठेच नाही. ती वजा केल्यावर तेवीस हजारांतले हातात निम्मे उरले तरी पुष्कळ.

डोंगरपल्याड

तुम्ही दोघंही वैनगंगेच्या काठाबद्दलच बोलताय. हा जिल्हा 26 ऑगस्ट 1982 ला चंद्रपूरमधून वेगळा झाला, बारा तालुके आहेत, आणि वडशाचा हिशोब भामरागडला लागू होत नाही. रेल्वे स्टेशन जिल्ह्यात एकच, तेही उत्तर टोकाला वडशाला. भामरागड तिथून सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास.

दक्षिणेत मामा (माजी मालगुजारी) तलाव जवळपास नाहीत, ओलिताची बांधी कमी, एकरी धान पाच-सहा क्विंटल आलं तरी बरं. पर्लकोटा नदी चढली की भामरागडचा रस्ता बंद होतो, कधी दिवसभर, कधी आठवडा. पलीकडच्या गावांना पावसाळ्याचं धान्य जूनआधीच एकदम पोचवतात, ही सोय चांगली आहे. पण तेल, मीठ, साबण, डाळ, औषध याचं काय? गावातला एकमेव दुकानदार जे सांगेल तो भाव. वीस रुपयांची वस्तू पंचवीसला. म्हणजे ज्याचं उत्पन्न सर्वांत कमी त्याला किराणा सर्वांत महाग.

बसचं तिकीट बायकांना मार्च 2023 पासून अर्धं झालं. चांगलं झालं. पण दिवस पूर्णच जातो. रेशनकार्डाच्या ई-केवायसीला अंगठा उमटला नाही, कारण तेंदू आणि मोळी बांधून बोटांच्या रेषा झिजलेल्या असतात, तर तालुक्याला दुसरी फेरी, सर्व्हर बंद असेल तर तिसरी. तीन दिवसांची बुडालेली मजुरी कोणत्याही महागाईच्या आकड्यात येत नाही.

दवाखान्याची वाट

आजारपणावर कोणीच बोललं नाही. कर्जाचं मोठं कारण तेच आहे.

महात्मा फुले योजनेत उपचार मोफत होतात, मर्यादा आता पाच लाख. पण यादीतलं मोठं रुग्णालय बहुतेकदा नागपूर किंवा चंद्रपूरला. रुग्णासोबत दोन माणसं लागतात: एक खाटेजवळ, एक कागदांसाठी. पंधरा दिवस त्यांचं जेवण, राहणं, येणं-जाणं आणि दोघांची बुडालेली मजुरी धरली तर 'मोफत' ऑपरेशन वीस-पंचवीस हजारांना पडतं. ऐन रोवण्यात आजार आला तर त्या वर्षीचं पीकही जातं, कारण परे (भाताची रोपं) वेळेत लावले नाहीत तर फुटवे कमी धरतात.

मात्र यावरून "इथे काहीच नाही" असंही म्हणू नका. उपाय गावाजवळ आला की खर्च कोसळतो, हे याच जिल्ह्याने दाखवलं आहे. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च'ने गावातल्याच शिकलेल्या बाईला आरोग्यदूत केलं. नवजात बाळाचं वजन करणं, त्याला ऊबदार ठेवणं, श्वास मोजून न्यूमोनिया ओळखणं आणि जंतुदोषावर घरीच इंजेक्शन देणं हे तिला शिकवलं. त्या गावांत नवजात मृत्युदर 62 टक्क्यांनी घटला, हे 1999 मध्ये प्रसिद्ध झालं, आणि पुढे आशांच्या घरभेटी देशभर त्याच धर्तीवर सुरू झाल्या. हेमलकशाच्या लोकबिरादरीत 1973 पासून तेच: दवाखाना चालत येण्याच्या अंतरावर आला. प्राथमिक केंद्राजवळचं 'माहेरघर'ही त्याच विचाराचं, बाळंतपणाआधी काही दिवस तिथे येऊन राहायचं म्हणजे पुरात अडकायला नको. फक्त ते चालायचं तर तिथे चूल, सोबतच्या बाईला जागा आणि घरच्या लहान मुलांना आणण्याची मुभा लागते. या तीन गोष्टी नसतील तिथे खोली रिकामी राहते.

बांधीवरचा

दवाखान्याचं म्हणणं मान्य. धानाचा खर्चही मी धरायला हवा होता. पण मूळ मुद्दा सोडत नाही. उपाय काय, तर सगळ्यांनी मजुरीला बाहेर जायचं? दरवर्षी फेब्रुवारीत गाड्या भरून माणसं तेलंगणात मिरची तोडायला जातात. किलोवर मजुरी, वर थोडी मिरची. पोरांची शाळा बुडते, तिखटाने हात आणि डोळे जळतात, पाल ठोकून शेतातच राहायचं. त्यापेक्षा गावात हक्काचं जंगल असणं मी श्रीमंतीच समजतो.

धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा) बघा. 2009 मध्ये सुमारे 1,800 हेक्टरवर सामूहिक वनहक्क, 2011 मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हातात. बांबू गावाने विकला, काम गावातच निघालं, मजुरी गावातच राहिली.

तेंदूफळी

मेंढ्याचं नाव सगळेच घेतात. बाकीच्या ग्रामसभांचं काय होतं ते तेंदूच्या फळीवर, म्हणजे पानं जमा करतात त्या जागी कळतं.

एका पुड्यात 70 पानं, हजार पुड्यांची एक प्रमाण गोणी. चांगला हात असलेलं जोडपं पहाटे चारला निघून दुपारपर्यंत पानं आणतं आणि रात्री पुडे बांधतं. हंगाम जेमतेम दोन-तीन आठवड्यांचा, आणि एक वादळी पाऊस झाला की पान डागाळतं. पेसा (आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा) आणि वनहक्कामुळे ग्रामसभा स्वतः लिलाव करते, म्हणून भाव पूर्वीपेक्षा किती तरी चांगला मिळतो. हे मोठं यश आहे.

गडबड पुढे होते. कंत्राटदार पहिला हप्ता देतो, माल गोदामात नेतो आणि नंतर बाजार पडला म्हणून हात वर करतो. 2017 मध्ये बोली चढल्या, त्याच वर्षी जुलैत तेंदूपानावर 18 टक्के जीएसटी आला (तो सप्टेंबर 2025 मध्ये 5 वर आणला), आणि त्यानंतरची भावाची घसरण ग्रामसभांना सोसावी लागली. ज्यांनी करारातच लिहून घेतलं की रक्कम पूर्ण जमा झाल्याशिवाय गोणी गोदामाबाहेर हलणार नाही, त्यांचे पैसे वाचले. ज्यांनी तोंडी विश्वास ठेवला ते अजून तारखा मोजताहेत. अनामत किमान एक-तृतीयांश घ्या, कंत्राटदाराचा मागच्या हंगामाचा हिशोब शेजारच्या दोन ग्रामसभांना विचारा, आणि फळीवरची रोजची वही दोन प्रतींत ठेवा, एक मुनशीकडे (फळीवरच्या हिशोबनिसाकडे), एक ग्रामसभेकडे.

आणि जंगल ही श्रीमंती आहे, पण आता ते सुरक्षित राहिलेलं नाही. वाघामुळे आरमोरी-वडसा भागात बायका मोहफूल वेचायला पहाटे एकट्या जात नाहीत. 2021 पासून छत्तीसगडमधून आलेला हत्तींचा कळप कुरखेडा-धानोऱ्याकडे धान तुडवतो. एका रात्रीत उभी बांधी जाते आणि भरपाईला पंचनामा लागतो. पंचनामा वेळेत हवा तर नुकसान दिसताच फोटो काढा, वनरक्षकाला लेखी कळवा आणि अर्जाची पोच घ्या.

खर्चवही

मग आपला वाद 'स्वस्त की महाग' यापुरता उरत नाही. बांधीवरचे म्हणतात ते अन्न खरं आहे, दवाखान्याची तूटही खरी आहे. मला चीड येते ती अन्न आहे म्हणून तुटीकडे डोळेझाक करण्याची. "त्यांना काय, जंगल आहे" असं म्हणून मजुरी तीन-तीन महिने थकवली जाते. शिक्षणाचंही तेच. स्वयम् योजनेत वसतिगृह न मिळालेल्या आदिवासी मुलाला जिल्ह्याच्या ठिकाणी वर्षाला 43 हजार आणि पुण्या-नागपुरात 60 हजार आहेत. रक्कम ठीक आहे. पण हप्ता सत्र संपता संपता आला तर जून ते डिसेंबरचं खोलीभाडं आणि मेस बापाने बैल विकून भरायची. पहिल्या वर्षी घरी परतलेल्या मुलांना विचारलं तर बहुतेक वेळा कारण हेच निघतं.

डोंगरपल्याड

बैलाचं निघालं म्हणून एक सांगतो. आमच्याकडे ती बैलजोडीच बँक आहे. पावसाळ्याआधी विकली तर भाव पडलेला आणि रोवण्याला जोडी भाड्याने. म्हणून ग्रामसभेच्या तेंदूच्या पैशातून आजार आणि शिक्षणासाठी बिनव्याजी निधी वेगळा काढायचा, घरटी मर्यादा ठरवायची आणि परतफेड पुढच्या हंगामाच्या मजुरीतून कापायची. पाच-दहा हजारांची उचल एका दिवसात मिळाली तर बैल वाचतो.

दवाखान्याची वाट

त्या निधीत एक कलम घाला: रुग्ण रेफर झाला की सोबतच्या माणसाला दोन हजार रोख त्याच रात्री, ठराव नंतर. 108 ची गाडी फुकट येते, पण खिशात पैसे नाहीत म्हणून माणसं त्या गाडीत बसत नाहीत, सकाळपर्यंत थांबतात. सर्पदंशात आणि मुलांच्या मेंदूच्या मलेरियात तेवढा वेळ नसतो.

बांधीवरचा

हे कलम आमच्या पुढच्या ग्रामसभेत मांडतो. दोन हजार कोणाकडे ठेवायचे तेवढं सांगा. अध्यक्ष शेतावर असतो, सचिव तालुक्याला.

दवाखान्याची वाट

आशाताईकडे. ती रात्री गावातच असते, आणि गाडी तिलाच बोलवावी लागते.