‘विश्वास कमी पडला’ असे आजाऱ्याच्या घरी म्हणावे काय?

बाळीवेस (धाग्याची सुरुवात)

दोन वर्षांपूर्वी माझ्या पतींना पक्षाघाताचा झटका आला, तेव्हा त्यांचे यंत्रमागावरचे काम आधीच सुटलेले होते आणि माझ्या टॉवेल-शिलाईच्या मजुरीखेरीज घरात उत्पन्न नव्हते. त्या दिवसांत ख्रिस्तावरील विश्वासाने मला तारले असे मी म्हणते, तेव्हा त्याचा अर्थ फार मर्यादित असतो: पहाटे एखादे स्तोत्र वाचले की त्या दिवसापुरते कामाला लागण्याचे बळ येई. त्यांचा उजवा हात मात्र अजूनही वर होत नाही.

परवा घरी झालेल्या प्रार्थनासभेत एका बंधूंनी त्यांच्यासमोरच ‘विश्वास कमी पडतो आहे, उपवास वाढवा’ असे सांगितले. पवित्र शास्त्रात, सर्व काही गमावून आजारी पडलेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर मुकाट्याने बसले, तोवर ते खरे मित्र होते. मग त्यांनी तोंड उघडले, त्याच्या दुःखाचे मूळ त्याच्याच पापात शोधू लागले, आणि शेवटी देवाचा कोप झाला तो त्यांच्यावर. तेराव्या स्तोत्राचा आरंभच ‘हे परमेश्वरा, कोठवर?’ अशा तक्रारीने होतो. असे असताना विश्वासणाऱ्याने कुरकुर करू नये ही समजूत आपल्या मंडळ्यांत, म्हणजे चर्चमध्ये, कोठून आली? संकटात विश्वासावर जरूर विसंबावे, पण त्याच्यावर औषधाची जबाबदारी टाकू नये, असे माझे मत आहे.

जुळे सोलापूर

ताई, आपल्याविषयी आदर बाळगूनच लिहितो की आपण मुद्दा अर्ध्यावर सोडला आहे. त्या बंधूंचे बोलणे हा एका माणसाचा उद्धटपणा नव्हे, साक्षी देण्याच्या, म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केले ते सभेत सांगण्याच्या, पद्धतीतच त्याचे मूळ आहे. जो बरा होतो तो उभा राहून साक्ष देतो; जो बरा होत नाही त्याला कोणी उभे करत नाही. वर्षानुवर्षे असे ऐकत आलेला माणूस न बरे होणाऱ्याकडे संशयाने पाहू लागला, तर नवल काय?

माझ्या मावशीने क्षयाच्या गोळ्या तिसऱ्या महिन्यात सोडल्या. साध्या क्षयाचाही उपचार सहा महिन्यांचा असतो आणि तो मध्येच सोडला तर जंतू त्या औषधांना दाद देईनासे होण्याचा धोका असतो, हे तिला दवाखान्यात समजावून सांगितलेले होते. परंतु तिने सभेत ‘मी बरी झाले’ अशी साक्ष दिली होती, आणि त्यानंतर गोळ्या घेणे म्हणजे आपल्याच साक्षीवर अविश्वास दाखवणे, असे तिला वाटले. तिला गोळ्या सोडायला कोणीही सांगितले नव्हते, हे मुद्दाम नमूद करतो.

होटगी रोड

मी निवृत्त शिक्षक असून मंडळीत वडील, म्हणजे चर्चची जबाबदारी पाहणारा ज्येष्ठ, म्हणून सेवा करतो. याकोबाच्या पत्राच्या पाचव्या अध्यायात दुखणाईताने मंडळीच्या वडिलांना बोलावावे आणि त्यांनी तेल लावून प्रार्थना करावी, असे स्पष्ट लिहिले आहे. बाळीवेसच्या ताईंची मांडणी मान्य करायची तर तो भाग गाळावा लागेल, आणि त्याला माझी तयारी नाही. मात्र तेल लावा म्हणणाऱ्या याच शास्त्रात शुभवर्तमान लिहिणाऱ्या लूकला ‘प्रिय वैद्य’ म्हटले आहे. मिरजेचे मिशन इस्पितळ डॉ. विल्यम वॉनलेस यांनी 1894 मध्ये उभारले, ते प्रार्थनेवर त्यांचा भरवसा नव्हता म्हणून नव्हे.

पंडिता रमाबाईंचेच पाहा. दुष्काळात आईवडील गेले, पुढे भाऊ गेला, लग्नानंतर दोन वर्षांच्या आत पती गेले. तरी 1896-97 च्या दुष्काळात त्यांनी निराधार मुलींना केडगावला आणले, शेती केली, विहिरी खणल्या, छापखाना चालवला. आपल्या सोलापूर-पुणे लोहमार्गावरचेच ते केडगाव.

जुळे सोलापूर

रमाबाईंचे उदाहरण आपल्या बाजूने लागू पडत नाही, सर. आईवडील गेले ते 1870 च्या दशकात, पती गेले 1882 मध्ये, आणि बाप्तिस्मा झाला 1883 मध्ये. आपण सांगितलेले सगळे मृत्यू त्यांनी ख्रिस्ती होण्यापूर्वी सोसले; मग त्या काळात त्यांना कशाने उभे ठेवले?

होटगी रोड

वर्षे आपण बरोबर सांगितलीत आणि माझी मांडणी सैल होती, हे मान्य. पण 1921 मध्ये त्यांची एकुलती एक मुलगी मनोरमा गेली, तेव्हा त्या ख्रिस्ती होत्या, थकलेल्या होत्या आणि मूळ हिब्रू व ग्रीकवरून बायबलचे मराठी भाषांतर करत होत्या. वर्षही न उलटता, एप्रिल 1922 मध्ये, त्या स्वतः गेल्या. पण मुलीनंतर भाषांतर टाकून बसल्या नाहीत. याला मी विश्वासावर विसंबणे म्हणतो.

विडी घरकुल

माझी आई विड्या वळते. हजार विड्यांमागे मजुरी मिळते आणि खराब ठरवून बाजूला काढलेल्या विड्यांचे काहीच मिळत नाही. ‘सहन करा, प्रभू पाहतो आहे’ हे वचन तिने इतके मनावर घेतले आहे की युनियनच्या मोर्चाला ती कधीच जात नाही. आजारपणावर आपण एवढे लिहिलेत. मजुरीही प्रार्थनेवरच सोडायची काय?

बाळीवेस

मजुरी सोडू नये. मजुरांची अडकवून ठेवलेली मजुरी ओरडते आहे, हे याकोबाच्या त्याच पाचव्या अध्यायात, तेलाच्या आधी, लिहिलेले आहे. ते आईंना वाचून दाखवा.

होटगी रोडच्या सरांना एवढेच सांगते की तेल मी नाकारले नाही. वडील मंडळी आली, प्रार्थना झाली, मला बरे वाटले. परंतु जाताना ‘अजून हात कसा उचलत नाही’ असे विचारू नये. जन्मांधाला पाहून शिष्यांनी ‘कोणी पाप केले, याने की याच्या आईबापांनी?’ असे विचारले, तेव्हा येशूने दोन्ही पर्याय नाकारले होते.

आणि जुळे सोलापूर, मावशी आता कशा आहेत, ते आपण लिहिलेच नाही.

जुळे सोलापूर

बरी आहे. उपचार नव्याने सुरू करावे लागले आणि या खेपेला तिने ते पूर्ण केले. रविवारी उपासनेला जाते, रिक्षात मीच बसवून देतो. साक्ष मात्र तिने पुन्हा दिलेली नाही.