हुस्कर डूचा 'झेन आर्केड' कसा ऐकावा? सल्ला हवा

सुईटोक:
हार्डकोर (पंक रॉकचा वेगवान, कर्कश प्रकार) ऐकण्याची तयारी ब्लॅक फ्लॅग आणि मायनर थ्रेट या बँडपर्यंतच. हुस्कर डू या अमेरिकन बँडचा 'झेन आर्केड' (१९८४) हा अल्बम लावला की अर्ध्यात कान बधिर होतात, आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा. समीक्षकांनी तर डोक्यावर घेतलाय. कसा ऐकायचा? एलपी घेऊन फरक पडेल का?

बेसुरा_बेस:
सलग लावू नका. ७० मिनिटं, २३ गाणी, दोन तबकड्यांच्या चार बाजू. स्ट्रीमिंगवर चार प्लेलिस्ट करा: १-७, ८-१३, १४-२०, २१-२३. शफल आणि क्रॉसफेड (एक गाणं संपताना पुढचं त्यात मिसळणं) बंद. क्रॉसफेड राहिला तर पियानोचे छोटे तुकडे आधीच्या गाण्याच्या शेपटीत बुडतात, आणि तिसऱ्या बाजूला श्वास घ्यायला जागा तेवढीच आहे.

सुरुवात तिसऱ्या बाजूने करा. 'पिंक टर्न्स टू ब्लू'ची चाल दुसऱ्या ऐकण्यात तोंडात बसते. दुसरी बाजू शेवटी. तिथे बँडचा गिटारवादक-गायक बॉब मोल्ड नुसता ओरडतो.

पत्र्याचं कारण: मोल्डची गिटार डिस्टॉर्शन प्लस या आवाज खरखरीत करणाऱ्या पेडलमधून येते आणि ड्रमच्या झांजांच्याच कंपनसंख्येच्या पट्ट्यात पसरते, बेस दबतो. इक्वलायझरवर ३ ते ५ किलोहर्ट्‌झ दोन-तीन डेसिबल खाली, १०० हर्ट्‌झच्या आसपास तेवढंच वर. जास्त ओढलंत तर ड्रमचा चिखल होतो.

तिरकाताल:
प्लेलिस्टला +१, तिसऱ्या बाजूला -१. पहिलीच लावा. तिथे तिसरंच गाणं, 'नेव्हर टॉकिंग टू यू अगेन', निव्वळ अकूस्टिक आहे. हार्डकोरवाल्यांना ८४ साली धक्का कुठे बसला ते तिथे कळतं. शिवाय 'ड्रीम्स रिऑकरिंग' म्हणजे उलटी चालवलेली टेप. सुलटं रूप चौथ्या बाजूला, जवळपास चौदा मिनिटं. ते आधी ऐकलंत तर गंमत गेली.

कौतुकाचं म्हणाल तर, रोलिंग स्टोन मासिकात समीक्षक डेव्हिड फ्रिकने ऑपेराचा दाखला दिला आणि लोक कथानक शोधत बसले. मुलगा घर सोडतो, बाहेर आणखी वाईट, शेवटी सगळं स्वप्न. कथा एवढीच. रेकॉर्डिंग आणि मिक्सिंग मिळून ८५ तास, त्यातलं मिक्सिंग एका दमात ४० तास, खर्च ३,२०० डॉलर, बहुतेक गाणी पहिल्याच टेकमधली. घाईचं काम आहे, आणि मला तर ती घाईच आवडते.

गाजला तेव्हा दुकानात मात्र नव्हता! एसएसटी या रेकॉर्ड कंपनीने आधी साडेतीन ते पाच हजार प्रतीच काढल्या. त्या संपल्यावर कित्येक महिने माल नाही.

सुईटोक:
मग जुनी एलपी मिळाली तर?

बेसुरा_बेस:
आवाज सुधारेल म्हणून घेत असाल तर नको. मिक्सच तसा आहे, तबकडी बदलून बेस वाढत नाही. हौस म्हणून घेणार असाल तर चारही बाजूंचे फोटो मागवा. 'एसएसटी ०२७' हा क्रमांक नंतरच्या छपाईवरही असतो, तेवढ्यावर पहिल्या आवृत्तीचे पैसे मोजू नका. चौथ्या बाजूची शेवटची दोन मिनिटं वाजवून घ्या. झिजलेल्या सुईने तबकडीवर पाडलेली खरखर आतल्या खोबणीत आधी कळते; पण इथे गिटारच खरखरते, म्हणून स्ट्रीमिंगशी ताडून बघा.

तिरकाताल:
यानंतर मिनिटमेन बँडचा 'डबल निकल्स ऑन द डाइम' ऐका. हुस्कर डू दोन तबकड्या काढतायत म्हटल्यावर यांनीही आपला अल्बम दुप्पट केला.

अवांतर: पहिल्या बाजूच्या शेवटी 'हरे कृष्ण' आहे. भजन समजून आजीला ऐकवू नका, ठेका रॉक अँड रोलवाल्या बो डिडलीचा आहे.