सल्ला हवा: लहान मुलांच्या खाण्यापिण्यातून कीटकनाशकं कमी कशी करायची?

वाघोलीवासी
घरात आठ महिन्यांचं बाळ आहे, वरचं खाणं नुकतंच सुरू केलंय; मोठी मुलगी साडेचार वर्षांची. सोसायटीला पाणी बोअरचं आणि टँकरचं, आजूबाजूला ऊस. घरी फक्त यूव्हीचं मशीन आहे, बाळाचं पाणी उकळून देतो. प्रश्न तीन: भाज्या-फळं नक्की कशी धुवायची, फिल्टर कोणता लावायचा, आणि सगळं सेंद्रिय परवडत नसेल तर आधी काय घ्यायचं? ब्रँड नकोत, कारण सांगा.

मुठाकाठ
पाण्याचं आधी, कारण तिथे घाई आहे. यूव्ही जंतू मारतो, कीटकनाशकं काढत नाही. उकळल्याने पाणी आटतं आणि न उडणारे अंश मागे राहतात, म्हणजे प्रमाण वाढतंच. खतांमधून पाण्यात उतरणाऱ्या नायट्रेटचंही तसंच. लहान बाळाला, त्यातही सहा महिन्यांच्या आतल्या, जास्त नायट्रेटचं पाणी धोक्याचं, मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम.

उसाला आणि मक्याला तणनाशक म्हणून अ‍ॅट्राझिन मारतात, ते पाण्याबरोबर जमिनीत उतरतं. आयएस १०५०० मध्ये (पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक) त्याची मर्यादा लिटरला २ मायक्रोग्रॅम आहे. हे टीडीएस मीटरवर कधीच दिसणार नाही, मीटर फक्त क्षार मोजतो.

तुमच्या पाण्याला हा क्रम हवा: गाळ अडवणारा फिल्टर, कार्बन ब्लॉक (दाबून घट्ट केलेला कोळसा), आरओ, शेवटी यूव्ही. बहुतेक कीटकनाशकं कार्बन धरून ठेवतो. ग्लायफोसेट हे तणनाशक त्याला नीट चिकटत नाही, ते आणि नायट्रेट आरओ अडवतो. सुट्या दाण्यांपेक्षा ब्लॉक बरा, दाण्यांमधून पाणी वाट काढून निसटतं. धारही सावकाश हवी.

कार्बन संपला हे कसं कळणार? महापालिकेच्या पाण्यात क्लोरीनचा वास परत यायला लागतो. बोअरच्या पाण्याला तो वासच नसतो, त्यामुळे तुम्हाला लिटर किंवा महिने मोजूनच बदलावा लागेल. भरलेला कार्बन धरलेलं परत सोडूही शकतो.

वाघोलीवासी
मीटर ९०० दाखवतो. मशीनवाला म्हणाला, आरओ लावून टीडीएस १५० वर सेट करून देतो. चालेल ना?

मुठाकाठ
थांबा, "सेट करतो" म्हणजे नेमकं काय करणार ते विचारा. बऱ्याच मशीनमध्ये त्यासाठी एक छोटा व्हॉल्व्ह असतो, तो मेम्ब्रेनला (आरओच्या गाळणाऱ्या पडद्याला) वळसा घालून आलेलं पाणी शुद्ध पाण्यात मिसळतो. नायट्रेट मग थेट पेल्यात. बोअरवर तो व्हॉल्व्ह पूर्ण बंद ठेवा. चवीसाठी क्षार हवेच असतील तर शेवटी मिनरल काडतूस लावून घ्या.

तपासणीसाठी सोसायटीने मिळून एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यतेची प्रयोगशाळा गाठा. नमुना पावसाळ्याच्या पहिल्या मोठ्या सरींनंतर घ्या, शेतातलं तेव्हाच वाहून येतं. बाटली प्रयोगशाळेचीच, गडद काचेची. प्लॅस्टिकला काही अंश चिकटून राहतात. किती बारीक प्रमाणापर्यंत मोजता येतं हेही आधी विचारा, नाहीतर "आढळले नाही" या शेऱ्याला अर्थ नाही.

पर्वती_पायथा
खडकवासल्याचं पाणी येत असेल तर आरओची गरज नाही, क्षार मुळातच कमी असतात. कार्बन ब्लॉक आणि यूव्ही पुरे.

मंडईची_पिशवी
धुण्याबद्दल. लिटरभर पाण्यात खायचा सोडा दोन सपाट चमचे (साधारण १० ग्रॅम), त्यात १२ ते १५ मिनिटं, मग वाहत्या पाण्याखाली चोळून. २०१७ साली अमेरिकेत सफरचंदांवर याच प्रमाणाची चाचणी झाली, सालीवरची दोन कीटकनाशकं उतरली. पण त्यातलं थोडं सालीच्या आत मुरलेलं होतं, ते नाही गेलं. हीच मर्यादा लक्षात ठेवा: इमिडाक्लोप्रिड, अ‍ॅसिफेटसारखी आंतरप्रवाही औषधं झाडाच्या रसात असतात, धुऊन जात नाहीत.

चिरायच्या आधी धुवा. फ्लॉवरचे तुरे सुटे करा. कोबीची वरची दोन-तीन पानं टाका. कोथिंबीर-मेथीची मुळं कापून, पानं मोकळी करून तीन पाणी. द्राक्षं ओढून तोडू नका, कात्रीने देठासकट कापा म्हणजे पाणी आत शिरत नाही. काकडी, गाजर, सफरचंद बाळासाठी सोलूनच. भांड्यांचा साबण अजिबात नको, फळात मुरतो. पोटॅशियम परमँगनेट जंतूंसाठी आहे, यासाठी नाही.

जैविक_चौकशी
पैसे कुठे घालायचे? जे मूल रोज खातं आणि सोलता येत नाही तिथे: पालेभाज्या, द्राक्षं, स्ट्रॉबेरी, भेंडी, ढोबळी मिरची. केळी, पपई, कलिंगड, डाळिंब, मटार नेहमीच्या मंडईतलेच घ्या. फळं कमी करू नका, तो तोटा मोठा आहे.

आहार बदलल्याचा परिणाम लवकर दिसतो. २००६ साली सिॲटलच्या अभ्यासात मुलांना पाच दिवस सेंद्रिय अन्न दिल्यावर लघवीतले मॅलॅथिऑन आणि क्लोरपायरिफॉस या कीटकनाशकांचे अंश जवळपास नाहीसे झाले.

"गावरान", "विषमुक्त" अशा पाट्यांना अर्थ नाही. पाकिटावर "जैविक भारत" हे सरकारी सेंद्रिय चिन्ह पाहा. थेट शेतकऱ्याकडून घेताना पीजीएस-इंडियाचं (शेतकऱ्यांच्या गटाने एकमेकांची तपासणी करून दिलेलं) प्रमाणपत्र मागा. त्यातलं "ग्रीन" म्हणजे जमीन अजून बदलाच्या काळात आहे. द्राक्षांचं म्हणाल तर निर्यातीच्या बागांवर पुण्याजवळच्या मांजरी इथल्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राची नजर असते, गाडीवरच्या मालाला तो नियम नाही.

मुठाकाठ
एक राहिलंच: घरातलं औषध. तांदळाला बोरिक पावडर चोळतात, तेही कीटकनाशकच. बाळाचे तांदूळ आणि नाचणी छोट्या पाकिटांत चार दिवस डीप फ्रीजरमध्ये ठेवा, किडे आणि अंडी दोन्ही मरतात. डाळीला किलोमागे चमचाभर एरंडेल. अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाईडच्या गोळ्या राहत्या घरात कधीच नकोत, त्यांचा वायू जीव घेतो. आणि बाळ रांगायला लागलं की मुंग्या-झुरळांचा खडू फरशीवर ओढणं बंद. झुरळांचं जेल ओट्यामागे, बिजागरीच्या फटीत, हात पोचणार नाही तिथे लावा.