आकार बरोबर असला की अंतर चुकलं तरी चालतं का?

नभोमित्र
परवा एका सदस्याने सौरमालेचं चित्र टाकलं. बुध ते नेपच्यून सगळे एका ओळीत, खांद्याला खांदा लावून, आणि पृथ्वीच्या अगदी कानाशी चंद्र. खाली मजकूर: "मुलांना एवढं पुरे. अंतरं नाहीतरी कुणाच्या लक्षात राहत नाहीत." तिथे दोन ओळी लिहायला घेतल्या, त्या वाढत गेल्या, म्हणून वेगळा धागा.

आकडे पाठ नसतात याचं मला दुःख नाही. त्या चित्राने चुकीचं आकाश डोक्यात बसतं आणि ते पुढे निघता निघत नाही, याचा राग आहे. पृथ्वीचा व्यास १२,७४२ किमी, चंद्राचा ३,४७४. हे प्रमाण चित्रात बरोबर होतं. पण चंद्र सरासरी ३,८४,४०० किमी लांब आहे. म्हणजे तीस पृथ्व्या ओळीने मांडाव्यात इतका. चित्रात मध्ये एकसुद्धा मावत नव्हती.

आता ग्रहण घ्या. दर पौर्णिमेला चंद्रग्रहण का होत नाही, तर चंद्राची कक्षा पृथ्वीच्या कक्षेच्या मानाने पाच अंशांनी कललेली आहे म्हणून. हे उत्तर सगळ्यांना पाठ असतं. पण त्या चित्रातला चंद्र पाच अंशांनी कलवून बघा. जेमतेम हजारेक किमी वर सरकेल आणि पृथ्वीच्या सावलीतच राहील. त्या चित्रात दर पौर्णिमेला ग्रहण लागतं! खऱ्या अंतरावर तेच पाच अंश म्हणजे सुमारे ३४,००० किमी, आणि तिथे पृथ्वीची गडद सावली उरते ९,००० किमीच्या आसपास रुंद. म्हणून चंद्र बहुतेक वेळा सावलीच्या वरून किंवा खालून निघून जातो. अंतर काढून टाकलंत की कारणच उरत नाही. अशा चित्राला मी अपुरं म्हणणार नाही, ते दिशाभूल करतं.

खडू-फळा
दिशाभूल? बावीस वर्षं मी हेच चित्र भिंतीवर लावून शिकवते आहे.

तुम्ही एकदा पान छापून दाखवाच. पृथ्वी एक मिलिमीटरचा ठिपका धरली, तर नेपच्यून साडेतीनशे मीटर लांब जातो. कुठल्या पुस्तकात बसवू? दहा वर्षांच्या मुलाला आधी गुरू म्हणजे काय प्रकरण आहे ते दिसू दे. एका मुलाने त्या चित्रावर बोट ठेवून गुरूच्या रुंदीत अकरा पृथ्व्या मोजल्या आणि पोटात किती मावतील ते विचारलं. तेराशेच्या वर, हे ऐकल्यावर तो तास संपेपर्यंत बोलला नाही. हे तुमच्या रिकाम्या पानाने झालं असतं का?

सरळरेषा
दोघंही उगाच ताणताय. एक वाक्य सांगा, अंतर आणि आकार दोन्ही कळतात: पृथ्वी आणि चंद्र यांच्या मधल्या जागेत बाकीचे सातही ग्रह ओळीने बसतात. विषय संपला.

मोजून-मापून
विषय संपला नाही, कारण ते बसत नाहीत.

सरासरी व्यास मांडा. बुध ४,८७९, शुक्र १२,१०४, मंगळ ६,७७९, गुरू १,३९,८२२, शनी १,१६,४६४, युरेनस ५०,७२४, नेपच्यून ४९,२४४. बेरीज ३,८०,०१६. तुम्ही ती ३,८४,४०० शी ताडून पाहिलीत आणि खूश झालात. पण ते अंतर केंद्रापासून केंद्रापर्यंतचं आहे. पृथ्वीची आणि चंद्राची त्रिज्या वजा करा, पृष्ठभागांमधली मोकळी जागा राहते ३,७६,२९२ किमी. सुमारे ३,७०० किमी कमी पडतात. शेवटचा नेपच्यून आत येतच नाही. हे वाक्य मी दहा ठिकाणी वाचलं आहे आणि एकानेही त्रिज्या वजा केलेली नाही.

सरळरेषा
चंद्र एका जागी उभा असतो का? दूर असतो तेव्हा ४,०५,००० किमीपर्यंत जातो. तेव्हा बसतात, वर जागा उरते.

मोजून-मापून
आणि जवळ येतो तेव्हा ३,६३,००० वर असतो. तेव्हा? "कधीकधी बसतात" असं लिहा मग.

सरळरेषा
गुरू आणि शनी ध्रुवांकडे चपटे आहेत हे आकडेमोडीत कुठे गेलं? ध्रुवीय व्यास गुरूचा १,३३,७०८, शनीचा १,०८,७२८. दोघांना त्या दिशेने उभे करा, जवळजवळ १४,००० किमी वाचतात. सरासरी अंतरालाही बसतात.

मोजून-मापून
म्हणजे उत्तर आधी ठरवायचं आणि त्यासाठी ग्रह आडवे पाडायचे. विषुववृत्तीय व्यास घेतला तर बेरीज ३,८७,००० च्या घरात जाते, ते नाही सांगितलंत. शिवाय शनीची कडी? मुख्य कडीच पावणेतीन लाख किमी पसरलेली आहेत. त्यांना दारातच ठेवणार?

सरळरेषा
कडी ग्रहात धरत नाहीत. तुम्हाला वाद घालायचा आहे, समजून घ्यायचं नाही.

नभोमित्र
थांबा जरा. बसतात की नाही हे ३,७०० किमीवर अडलं आहे, म्हणजे एका टक्क्यावर. त्रिज्या वजा करायला हव्यात, हे मोजून-मापून यांचं बरोबर आहे. मीही हे वाक्य तसंच सांगत आलो, ते चूक होतं. पण माझा मुद्दा यात वाहून गेला.

कायपर
मुळात तुमच्या यादीत सातच ग्रह का? २००६ साली प्लूटोला ग्रहांच्या यादीतून काढलं ते मला आजही पटलेलं नाही. आकारावरून हिणवायचं तर गुरूचा चंद्र गॅनिमीड ५,२६८ किमीचा, शनीचा चंद्र टायटन ५,१५० चा, दोघंही बुधापेक्षा मोठे. मग बुधाला का नाही काढत?

मोजून-मापून
आकारावरून काढलेलंच नाही. प्लूटोने आपल्या कक्षेचा परिसर मोकळा केलेला नाही, म्हणजे त्याच्या वाटेत इतर गोळे अजून आहेत, ही अडचण होती. गॅनिमीड सूर्याभोवती नाही, गुरूभोवती फिरतो. आणि मोठा असला तरी त्याचं वस्तुमान बुधाच्या निम्मंही नाही. अर्ध्यापर्यंत बर्फ आहे तो, बुधाच्या पोटात लोखंड.

कायपर
असेल. पण खडू-फळा ताईंना पान हवं होतं ना, ते प्लूटोच देतो. प्लूटो २,३७७ किमी, त्याचा चंद्र शॅरन १,२१२, दोघांमध्ये १९,६०० किमी. जेमतेम आठ प्लूटो. खऱ्या प्रमाणात कुठल्याही पानावर छापा. ज्या बिंदूभोवती दोघे फिरतात तो प्लूटोच्या बाहेर पडतो, तोही त्याच चित्रात दिसेल.

नभोमित्र
हे मला सुचायला हवं होतं. ताई, संपूर्ण सौरमाला एका पानात मावत नाही, मान्य. पण पृथ्वी आणि चंद्र मावतात. १८ सेंमी अंतर घ्या: एका टोकाला ६ मिमीची पृथ्वी, दुसऱ्या टोकाला दीड मिमीपेक्षा जरासा मोठा चंद्र. मध्ये काही नाही. तो कोरा भागच मुलांना दाखवायचा आहे.

माझ्या भाचीच्या हातात मी बास्केटबॉल आणि टेनिसचा चेंडू दिला होता. आकाराचं प्रमाण जवळजवळ तंतोतंत जुळतं. चंद्र कुठे धरशील विचारलं, तर तिने वीतभर अंतरावर धरला. मी तिला मागे मागे चालायला लावलं. सात मीटरवर थांबवलं तेव्हा ती मला म्हणाली, "मग तिथे माणसं गेली कशी?" हा प्रश्न वीतभर अंतरावर पडलाच नसता.

खडू-फळा
तुमचा सूर मला आवडलेला नाही. वर्गात चाळीस मुलं आणि पस्तीस मिनिटं असतात, एक भाची नसते.

पण ग्रहणाचं मी आज कागदावर काढून पाहिलं. भिंतीवरच्या चित्राप्रमाणे चंद्र ठेवला आणि पाच अंश कलवला. सावलीतून सुटला नाही. मुलं दर वर्षी म्हणतात, "बाई, एवढ्या थोड्या कलण्याने कसा सुटेल?" आणि मी कलण्याचंच उत्तर पुन्हा देत आले. त्यांची शंका रास्त होती, चित्र बघून तीच यायला हवी होती.

भिंतीवरचं चित्र मी काढणार नाही. गुरूसाठी ते हवंच. त्याच्या खाली "अंतरे प्रमाणात नाहीत" अशी पट्टी लावते आणि शेजारी तुमचं १८ सेंमीवालं. ६ मिमीची पृथ्वी शेवटच्या बाकावरून दिसणार नाही, म्हणून मी दसपट करून फळ्यावर काढेन: ६ सेंमी आणि १ मीटर ८० सेंमी.

मोजून-मापून
केंद्रापासून केंद्रापर्यंत मोजा.