मदत हवी आहे: डब्लिनहून गिनेस न्यायची आहे, शनिवारी विमान

चिवडाप्रेमी
शनिवारी पहाटे विमान आहे, म्हणून लवकर सांगा. भाऊजींसाठी गिनेस (आयर्लंडची स्टाउट, म्हणजे काळी बिअर) न्यायची आहे. सुपरमार्केटात काळे कॅन दिसतात, पण ऑफिसातला एक जण म्हणतो की त्या कॅनमध्ये गोळी असते आणि विमान वर गेलं की कॅन फुटतो. खरं आहे का? कॅन घेऊ की बाटल्या? किती नेता येतील? भाऊजींनी खास सांगितलंय, "तिकडची ओरिजिनल आण, आपल्याकडच्या स्टाउटशी लावून बघू." जाणकारांनी नेमकं सांगावं. गूगल करून झालंय.

नाना_ठाणे
विमान कुठून कुठे? मध्ये थांबा कुठला? चेक-इन बॅग आहे की नुसती हातातली? एवढं तरी लिहायचं ना.

चिवडाप्रेमी
डब्लिन-दुबई-मुंबई. चेक-इन ३० किलो. कॅन फुटतो का ते आधी सांगा ना.

मुळामुठा
फुटत नाही. सामानाच्या कप्प्यातही केबिनसारखाच दाब राखलेला असतो, त्यामुळे उंचीची भीती काढून टाक. ती 'गोळी' म्हणजे पोकळ प्लास्टिकचा चेंडू, त्याला विजेट म्हणतात. त्याला एक बारीक भोक असतं आणि आत दाबाखाली नायट्रोजन. कॅन उघडला की बाहेरचा दाब एकदम उतरतो, चेंडूतला वायू त्या भोकातून फवारा मारत निघतो आणि पबातल्या नळासारखा सायीचा फेस येतो. कॅन रिकामा झाल्यावर हलवलास तर चेंडू आत खडखडतो.

धोका आपटण्याचा आहे. प्रत्येक कॅन आधी झिपच्या पिशवीत, मग जाड मोज्यात, आणि बॅगेच्या मधोमध, चारही बाजूंनी कपडे. कडेला ठेवू नकोस, चाकांजवळ तर नाहीच.

वाटसरू_दुबई
चेक-इन कशाला? डब्लिन विमानतळाने २०२५ मध्येच १०० मिलीची अट काढली. २ लिटरपर्यंत पातळ पदार्थ हातातल्या बॅगेतून जातात. सोबत राहतात, आपटत नाहीत.

नाना_ठाणे
@वाटसरू_दुबई, डब्लिनला जातील हो, पण दुबईला विमान बदलताना पुन्हा तपासणी होते. तिथे सुपरमार्केटातले कॅन काढून घेतले तर? चेक-इनच बरं.

आता मुख्य मुद्दा. आपल्या कस्टम्सला माणशी २ लिटर मद्य चालतं, आणि त्या २ लिटरमध्ये बिअर, वाइन, व्हिस्की सगळं एकत्र धरतात. बिअर वेगळी मोजतात हा गैरसमज आहे. २४ टक्क्यांच्या आतल्या मद्याला विमानवाहतुकीच्या नियमात मर्यादा नाही, पण कस्टम्सला आहे. आयर्लंडात कॅन ५०० मिलीचा येतो, म्हणजे चार कॅन झाले की संपलं. पाचवा घेतलास तर लाल चॅनेलला जाऊन ड्यूटी भरायची, हिरव्यातून निसटायला जाऊ नकोस.

कॉर्ककर
मी बरीच वर्षं कॉर्कला आहे, म्हणून हक्काने सांगतो: आयरिश स्टाउट म्हणजे फक्त गिनेस नव्हे. आमच्या गावात बीमिश १७९२ पासून आणि मर्फीज १८५६ पासून. मर्फीज चवीला मऊ, किंचित टॉफीकडे झुकणारी, कडूपणा कमी. बीमिशला भाजल्याचा खमंग वास जास्त. बीमिशची जुनी भट्टी २००९ मध्ये बंद झाली, आता दोन्ही एकाच कारखान्यात बनतात, तरी चव वेगळी राखली आहे. भाऊजींना खरंच तुलना करायची असेल तर चारपैकी दोन कॅन मर्फीजचे घे.

मुळामुठा
धागाकर्त्याने गिनेस विचारली आहे.

कॉर्ककर
त्याने 'तिकडची ओरिजिनल' म्हटलंय. कॉर्कची काय नकली आहे का? इथे पबात जाऊन कुणालाही विचारा.

लेगॉसरिटर्न
दोघंही थांबा जरा. @चिवडाप्रेमी, भाऊजींनी गिनेस आधी कधी प्यायली आहे का? कुठे? हे कळल्याशिवाय कोणती घ्यायची ते सांगताच येणार नाही.

चिवडाप्रेमी
भाऊजी मर्चंट नेव्हीत होते. सिंगापूर आणि लेगॉसला प्यायचे म्हणतात. "कडक, कडू, एका बाटलीत काम." पण गिनेस ती गिनेस ना? त्याने काय फरक पडतो?

लेगॉसरिटर्न
सगळा फरक त्यानेच पडतो. भाऊजी जी प्यायले ती फॉरेन एक्स्ट्रा स्टाउट, ७.५ टक्के. तू जो कॅन न्यायला निघालास तो ड्राफ्ट, ४.२ टक्के. नाव एक, पेय दोन. फॉरेन एक्स्ट्राची पाळंमुळं १८०१ च्या वेस्ट इंडिया पोर्टर या काळ्या बिअरपर्यंत जातात: लांबच्या जहाजप्रवासात टिकावी म्हणून हॉप्स (बिअरला कडूपणा देणारी फुलं) जास्त आणि मद्यार्क जास्त. तिच्यात नायट्रोजन नाही, साधा कार्बन डायऑक्साइड आहे, म्हणून जिभेला चुरचुरते. फेस तपकिरी, चव जळक्या गुळाच्या अंगाने जाणारी, मागे सणसणीत कडू.

मी लेगॉसला होतो तेव्हा हीच प्यायचो. नायजेरियात ती तिथल्या ज्वारीवर आणि मक्यावर बनवतात, डब्लिनहून येतो तो फक्त घट्ट अर्क. आपल्या भाकरीचं धान्य त्या बाटलीत आहे हे कळलं तेव्हा मला फार आनंद झाला होता. भाऊजींच्या जिभेवर बहुतेक हीच चव बसली आहे. त्यांच्या हातात ड्राफ्टचा कॅन दिलास तर म्हणतील, पाणी घालून आणलीस का.

मुळामुठा
अगदी पटलं. ड्राफ्ट काळी आणि दाट दिसते म्हणून लोकांना जड वाटते, पण ती हलकीच आहे. पूर्ण पाइंटमध्ये (५६८ मिली) २१० च्या आसपास कॅलरी, कित्येक पिवळ्या बिअरपेक्षा कमी. दाटपणा फेसाचा आणि काळा रंग भाजलेल्या बार्लीचा.

शाकाहारी_मी
क्षमस्व, पण गिनेसमध्ये मासा असतो असं ऐकलं आहे. भाऊजी शाकाहारी असतील तर आधी विचारा.

कॉर्ककर
असतो नाही, वापरायचे. बिअर निवळायला माशाच्या पोटातल्या हवेच्या पिशवीपासून केलेलं आयसिंग्लास घालायचे. २०१५ मध्ये कंपनीने ते सोडत असल्याचं जाहीर केलं आणि पुढच्या काही वर्षांत नळावरची, कॅनमधली, बाटलीतली सगळी बिअर त्याशिवाय होऊ लागली.

चिवडाप्रेमी
भाऊजी मटण खातात. बरं, फॉरेन एक्स्ट्रा किती मिलीची येते?

लेगॉसरिटर्न
३३० मिलीची बाटली शोध. सहा बाटल्या म्हणजे १९८० मिली, २ लिटरच्या आत. काच आहे, म्हणून गुंडाळायला जास्त कापड घे. बुचावरून सेलोटेप फिरव.

आजीचा_बटवा
रोज अर्धा ग्लास दिला तर हिमोग्लोबिन वाढतं. आमच्याकडे बाळंतिणीला द्यायला सांगितलं होतं. ताईंसाठीही घेऊन जा.

डॉक्टरकाका_मिरज
कृपया असं काही करू नका. एका पाइंटमध्ये लोह अर्धा मिलिग्रॅमही नसतं. 'गिनेस इज गुड फॉर यू' ही १९२९ ची जाहिरात आहे, औषधाची चिठ्ठी नव्हे. अंगावर पाजणाऱ्या आईला दारू देऊ नये. हिमोग्लोबिन कमी असेल तर रक्त तपासून लोहाच्या गोळ्या घ्याव्यात. पूर्वी आयर्लंडात रक्तदात्यांना गिनेस देत असत, त्यातून हा समज आणखी पसरला.

मास्तर_टी
तुलना करायची असेल तर नीट करा. मी संख्याशास्त्र शिकवतो आणि हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे, कारण आमची टी-चाचणी (थोड्या नमुन्यांतला फरक खरा की योगायोग ते तपासायची रीत) जन्मली तीच गिनेसच्या कारखान्यात. विल्यम सिली गॉसेट तिथे नोकरीला होता. मोजक्या नमुन्यांवरून बार्ली-हॉप्सबद्दल खात्रीने काय म्हणता येईल, हा त्याचा रोजचा प्रश्न. उत्तर त्याने १९०८ मध्ये 'स्टुडंट' या टोपणनावाने छापलं.

तुमच्याकडेही नमुने मोजकेच आहेत. तीन सारखे ग्लास घ्या, दोनांत एक बिअर, तिसऱ्यात दुसरी. भाऊजींचे डोळे बांधा, कारण फेसाच्या रंगावरूनच ओळखू येईल. वेगळा ग्लास कोणता ते सांगायचं. नुसत्या अंदाजाने बरोबर येण्याची शक्यता तीनात एक. तीन जण स्वतंत्रपणे बसले आणि तिघांचंही बरोबर आलं, तर नशिबाने तसं होण्याची शक्यता सत्तावीसात एक. मग म्हणा की फरक आहे.

आणि दोन्हींचं तापमान सारखं ठेवा. एक गार, एक कोमट असेल तर चाचणी बाद.

वाटसरू_दुबई
घरी तुलना करून उपयोगच नाही. ती डब्लिनलाच प्यावी, बाहेर गेली की बिघडते.

मास्तर_टी
यावरही अभ्यास झाला आहे. २०११ मध्ये जर्नल ऑफ फूड सायन्समध्ये आला. चार जणांनी १४ देशांतल्या ३३ शहरांत नळाची गिनेस पिऊन १०० पैकी गुण दिले. आयर्लंडात सरासरी ७४, बाहेर ५७. फरक आहेच. पण ती पबातली तुलना होती, बंद बाटलीची नव्हे. बाटलीला हा निकाल लावू नका.

नाना_ठाणे
'आपल्याकडची स्टाउट' म्हणजे कोणती ते धागाकर्त्याने अजून सांगितलं नाही. मी गोव्यात सिम्बा स्टाउट प्यायलो होतो, छत्तीसगडच्या दुर्गची. कॉफीचा वास चांगला होता. पुण्यात मायक्रोब्रुअरीत ताजी मिळते, पण ती तिथेच प्यायला हवी. श्रीलंकेची लायन स्टाउट मिळाली तर फॉरेन एक्स्ट्राच्या शेजारी तीच ठेवा, तीही कडक, बरोबरीची जोडी आहे.

आणि एक विचारायचं राहिलं. मुंबईत उतरल्यावर ड्यूटी-फ्रीमधून काही घेणार आहेस का? किंवा आधीच काही घेतलंय?

चिवडाप्रेमी
जेमसन व्हिस्कीची १ लिटरची बाटली घेऊन ठेवलीय, पण ती मुंबईच्या मित्रासाठी आहे. विमानतळावरच देऊन टाकणार.

नाना_ठाणे
कुणासाठी आहे ते कस्टम्स बघत नाही, कुणाच्या बॅगेत आहे ते बघतं. म्हणजे तुझ्याकडे उरला १ लिटर. तीन बाटल्या, ९९० मिली. किंवा दोन कॅन. संपलं.

ऑरेंजसिटी
भाऊ, सगळे मुंबई-मुंबई करून राहिले, पण भाऊजी राहतात कुठं? चिवड्याचं नाव लावलंय म्हणून विचारतो, आपल्याकडचा दिसतो तू.

चिवडाप्रेमी
वर्धा. मुंबईहून नागपूर विमानाने, मग गाडीने ताईकडे. हे पण लिहायला पाहिजे होतं का? विमान तर मुंबईलाच उतरतंय.

ऑरेंजसिटी
अरे बापा! वर्धा जिल्ह्यात दारूबंदी आहे, १९७५ पासून. तू तिथलाच असून असं कसं विचारून राहिला? कस्टम्सची पावती तिथं कामाची नाही. जिल्ह्याच्या हद्दीत बाटली घेऊन शिरायचंच नाही. रस्त्यात गाडी तपासली तर भाऊजी राहतील बाजूला आणि तू ठाण्यात बसशील.

चिवडाप्रेमी
बंदी आहे ते माहीत आहे हो, पण तीन बाटल्यांना कोण विचारतं? गावात सगळं मिळतं.

नाना_ठाणे
मिळतं म्हणून कायदेशीर होत नाही. ताईच्या घरी पोलीस येऊ देणार आहेस का?

वाटसरू_दुबई
चंद्रपूरची बंदी उठली ना? मग वर्ध्याची पण उठली असेल.

ऑरेंजसिटी
चंद्रपूरची २०१५ ला लागली, २०२१ ला उठली. गडचिरोली आणि वर्धा आहे तसंच आहे. @चिवडाप्रेमी, सोपा उपाय सांगतो. भाऊजींना नागपूरला बोलाव. पाऊण-एकशे किलोमीटरचा रस्ता आहे. तुझ्या कुणा नातेवाइकाकडे मुक्काम करा, तिथंच बसा, तिथंच संपवा. रात्री गाडी चालवत परत निघू नका. आणि एक दिवसाचा परवाना काढून ठेव, महाराष्ट्रात प्यायला परवाना लागतो हे लोक विसरतात.

बाटल्या गाडीत सोडून जेवायला जाऊ नको. मे महिना आहे. नागपूरच्या उन्हात बंद गाडीत ठेवलेली बिअर संध्याकाळी तोंडात घेववणार नाही.

मुळामुठा
वर्ध्यालाच काही न्यायचं असेल तर गिनेस ०.० चा कॅन ने. बिअर नेहमीसारखी बनवतात आणि मग उष्णता न देता गाळून मद्यार्क काढून टाकतात. विजेट तोच, फेस तोच. पातळ लागते थोडी, पण ग्लासात ओतल्यावर बुडबुडे काचेच्या कडेने खाली जाताना दिसतात ते अगदी तसंच. मधल्या भागातले बुडबुडे वर चढताना बिअरला सोबत ओढतात, ती कडेने खाली परतते आणि कडेचे बारीक बुडबुडे तिच्याबरोबर खाली वाहतात. ताईंना आणि पोरांना हे दाखव, बघत बसतील.

फ्रिजमध्ये आडवा-उभा कसाही ठेव, पण निदान तीन तास. कोमट कॅन उघडलास तर अर्धी बिअर टेबलावर. उघडल्यावर एका दमात मोठ्या ग्लासात ओत, कॅनला तोंड लावू नकोस.

कॉर्ककर
आणि मर्फीज?

चिवडाप्रेमी
मर्फीज नाही जमत, १ लिटरच उरलाय. ठरलं असं: फॉरेन एक्स्ट्राच्या तीन बाटल्या आणि ०.० चे चार कॅन. ताईला फोन केला, भाऊजी रविवारी नागपूरला मावसभावाकडे येऊन राहतायत. लायन स्टाउट नागपुरात कुठे मिळेल का, ते ऑरेंजसिटी सांगा, व्यनि (खासगी निरोप) केला तरी चालेल. मास्तर, डोळे बांधायला भाऊजी तयार आहेत, पण तीन बाटल्या आणि माणसं चार. चाचणी कशी लावू?

मास्तर_टी
चौथ्याने ओतायचं काम करावं. ओतणाऱ्याने चाखायचं नाही आणि बोलायचंही नाही. प्रत्येक ग्लासात ६० मिली पुरे. कोणता ग्लास कुठे ठेवायचा ते दर वेळी चिठ्ठी काढून ठरवा आणि कागदावर लिहून ठेवा. निकाल इथे टाका.